मंडईत विचारलेला प्रश्न

माझ्या सासऱ्यांनी पक्षाला प्रश्न विचारला की पक्ष त्यांना शाल देतो. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा या शालींनी भरला आहे. मामाजी (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात) एखाद्या बैठकीत उभे राहतात आणि विचारतात, घुसखोरांना देशाबाहेर काढू असं आपण लोकांना सांगितलं होतं, त्याचं पुढे काय झालं? मंचावरचे नेते हसतात. काकांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला म्हणतात. आणि पुढच्याच कार्यक्रमात 'ज्येष्ठ, निष्ठावंत कार्यकर्ता' म्हणून मामाजींचा सत्कार ठरतो. शाल मिळते, नारळ मिळतो, फोटो निघतो. माईक तेवढा मिळत नाही. सत्कार ज्याचा असतो त्यानं बोलायचं नसतं, मान खाली करायची असते.

त्यात आमचा धंदा साड्यांचा. आमचं गाव विणकरांचं, आणि मामाजींचं सगळं आयुष्य हातमागाचं कापड बोटांनी पारखण्यात गेलेलं. त्यामुळे सत्काराहून घरी आले की ते आधी शालीचा काठ चिमटीत धरतात, उजेडाकडे नेतात आणि "पावरलूम" असं म्हणून माझ्याकडे टाकतात. मग पाणी मागतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं की त्यांना शालीचा राग आहे. राग शालीचा नव्हता हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी साकोलीची. माहेरचं घर हमरस्त्याला लागून, ओसरीवर बसलं की नागपूर-रायपूरच्या गाड्या मोजत बसायचं. कुठली गाडी, कुठे चालली, आत कोण असेल, याची मला लहानपणापासून खोड. आई म्हणायची, हिला उत्तर दिलं नाही तर ही जेवणार नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात बोलायला फारसं कोणी नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा दुकानातून आला की जेवून टीव्हीसमोर, आणि राजकारणाचं नाव काढलं की "बाबांना विचार." मग मी बाबांना, म्हणजे मामाजींना, विचारायला लागले.

मला खरंच कळत नव्हतं. भंडारा जिल्ह्यात बसून कुठल्या तरी लांबच्या सीमेवरून कोण आत आलं, याचा एवढा ध्यास माणसाला कशाला? इथे धानाला भाव नाही, मागावर बसायला पोरं मिळत नाहीत, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही. यातलं काही मामाजी बैठकीत विचारत नाहीत. विचारतात ते फक्त हेच. एकदा चहा देताना मी सरळच म्हटलं, "मामाजी, तुम्ही एक तरी घुसखोर पाह्यला काय कधी?"

"दिल्ली पाह्यली काय तुनं?"

"नाही."

"मंग टॅक्स कोणाले भरतो आपण?"

मला हसू आलं, पण उत्तर मिळालं नव्हतं. मी थांबून राहिले. मामाजींनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "मायी बहीण पाह्यली ना तू?"

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्तेसासू. आत्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता त्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात, जिथे सगळी घरं एका तोंडाची आहेत आणि कोणाच्याच अंगणात सावली नाही. नवरा त्याआधीच वारला होता. मग गाव उठताना आत्यांना सिद्ध करावं लागलं की त्या त्याच गावच्या, त्याच घरात राहणाऱ्या, त्याच माणसाच्या बायको. ज्या विहिरीचं पाणी त्यांनी जन्मभर भरलं ती विहीर समोर दिसत असताना सिद्ध करावं लागलं. मामाजी त्यांना घेऊन कचेरीच्या चकरा मारत राहिले. साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, हा शिक्का चालत नाही, तो आणा.

"या देशात जलमलेल्या बाईले," मामाजी म्हणाले, "तू इथलीच कशावरून, असं विचारते सरकार. विचाराव. कायदा आहे, मी नाही म्हणत नाही. मी रांगेत उभा राहिलो तिच्यासोबत. पण मंग सगळ्याईलेच विचाराव ना! जो रात्रीतून तार ओलांडून येते अन् मागच्या दारानं कागद करून घेते, त्याले कोणी काहून विचारत नाही? रांगेत उभं राहणारा येडा आहे काय?"

तेव्हा मला पहिल्यांदा थोडं समजलं. ते कोणाला पाहून चिडलेले नव्हते. रांग मोडणाऱ्यावर चिडलेले होते. मला ते सगळं पटलं असं नाही. जो तार ओलांडतो त्याचंही गाव कुठे बुडालं असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोललेही. मामाजी म्हणाले, "असंल. मंग त्यानं समोरच्या दारानं याव." या माणसाशी वाद घालायला मला आवडायचं, कारण ते आवाज चढवत नसत आणि माझा प्रश्न मूर्खपणाचा आहे असं म्हणत नसत.

पण अजून एक गोष्ट माझ्या ध्यानात यायची होती. निवडणूक आली की मामाजी घरोघर जात. भाषण त्यांना येत नाही. ते ओसरीवर बसत, पाणी पीत, पोराबाळांची चौकशी करत, आणि उठताना म्हणत, "यंदा ते काम होते. मी सांगतो ना." लोक मत देत ते या "मी सांगतो ना"वर. सगळ्यात पक्कं मत आत्यांचं. त्या आणि त्यांच्या वसाहतीतल्या बायका, भाऊ सांगेल तिथे बटण. आता दिल्लीतही मामाजींचाच पक्ष, मुंबईतही तोच. आधी विरोधकांकडे बोट दाखवता येई, तेही आता येत नव्हतं. एकदा दुकानात बसून ते स्वतःशीच म्हणाले, "वर आपले, खाली आपले. आता कोणाचं नाव सांगाव?"

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या मंडईला आत्या आल्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. बाजार लागतो, शिंगाड्यांचे ढीग, बांगड्या, जिलेबी, आणि घरोघर पाहुण्यांची दाटी. लेकीबहिणींना मंडईला बोलावणं हा मानाचा भाग. आत्या पिशवी ठेवून पाय धुऊन बसल्या, आणि चहाचा पहिला घोट घेतल्यावर म्हणाल्या, "भाऊ, यंदा काय सांगतं?"

निवडणूक पुढ्यातच होती. मामाजी म्हणाले, "काय म्हणजे?"

"थे हाकलनार होते ना? गेले काय थे लोक?"

"होऊन राहिलं काम."

"मागच्या बारीनं बी होऊनच राह्यलं होतं. त्याच्या मागच्या बारीनं बी." आत्यांचा आवाज शांत होता. "माया वसाहतीतल्या बाया मले इचारतेत. म्या काय सांगू? तू मले एक जवाब आणून दे. तुया नेत्याच्या तोंडचा. नाही तं यंदा मी नाही जात मत द्यायले."

मामाजींनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. बहीण मत देणार नाही, ही गोष्ट त्यांना किती लागली हे मी पाहिलं. पक्षातलं पद त्यांना कधी मिळालं नव्हतं, मागितलंही नव्हतं. त्यांच्याजवळ जे होतं ते एवढंच, की त्यांनी सांगितलं की लोक ऐकतात. ते म्हणाले, "उद्या भाऊ येऊन राहिले मंडईले. समोरासमोर विचारतो. तुया देखत."

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पक्षाचे नेते. वयानं माझ्या नवऱ्याएवढे, पांढरा कुर्ता, चेहऱ्यावर सतत नुकतंच जेवल्याचं समाधान. मंडईच्या दिवसांत ते गावोगाव फिरतात, दिवसाला कितीतरी मंडया करतात, आणि आमच्या गावाला आले की जेवण आमच्याकडे असतं. हा पायंडा त्यांच्या वडिलांपासूनचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. बाजारचौकात छोटा मंच होता. आधी दीप, मग हार, मग ज्यांची नावं घ्यायची राहिली त्यांची नावं. मामाजी पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा, टोपी, आणि खिशात काही कागद वगैरे नाही, कारण प्रश्न त्यांना पाठ होता. मी बायकांच्या ताडपत्रीवर आत्यांशेजारी बसले होते. मला वाटत होतं, आज काहीतरी पाहायला मिळणार.

निवेदकानं मामाजींचं नाव पुकारलं. मामाजी मंचावर चढले आणि सरळ माईककडे निघाले. निवेदकानं दोन्ही हातांनी माईक छातीशी धरला. तेवढ्यात भाऊ पुढे झाले, "काका, काका!" म्हणत त्यांनी मामाजींच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ हातात दिला, आणि कॅमेऱ्याकडे वळवलं. नारळ दोन्ही हातांत असला की माणूस काय करणार? मामाजींनी तोंड उघडलं तोवर बँडवाल्यानं वाजवायला सुरुवात केली. आणि ते खाली उतरले, शालीसकट.

आत्या म्हणाल्या, "झालं?"

"झालं नाही अजून," मी म्हटलं, पण मलाही वाटत होतं की झालं.

त्यानंतर खडी गंमत, म्हणजे आमच्या भागातलं तमाशासारखं लोकनाट्य, होती. आमच्या मंडईत दिवसाढवळ्या ती होते. शाहीर, डफ, टुणटुणं, झांजा, आणि बाईच्या वेशातला नाच्या. ही पार्टी नाकाडोंगरीकडची होती, शाहीर उंच, आवाज चौकाच्या टोकापर्यंत जाणारा. भाऊंना पुढच्या मंडईला निघायचं होतं, पण लोकांसमोर कलेला पाठ दाखवून जाणं बरं दिसत नाही, म्हणून ते खुर्चीवर बसले. थोडा वेळ बसायचं, बक्षीस द्यायचं, मग आमच्याकडे जेवायचं, असा त्यांचा बेत.

खडी गंमतीत बक्षिसाची एक रीत आहे. बघणाऱ्याला गाणं आवडलं की तो नोट वर धरतो. नाच्या नाचत नाचत येतो, नोट घेतो, कान देतो. देणारा आपलं नाव सांगतो, कधी कोणाला निरोप असला तर तो सांगतो: अमुक मेहुण्याला सांगा घरी जेवायला ये, तमुकाच्या पोराचं लग्न जमलं. आणि शाहिराला गाणं थांबवून ते जसंच्या तसं पुकारावं लागतं. नोट घेतली की देणाऱ्याचा शब्द बोललाच पाहिजे, यात शाहिराला सूट नाही. मग डफावर थाप पडते आणि गाणं पुढे सुरू होतं. या रीतीचा वापर मामाजी असा करतील हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं.

त्यांनी शाल मांडीवर घडी करून ठेवली, खिशातून नोट काढली आणि वर धरली. नाच्या आला, कान दिला. मामाजी बराच वेळ बोलले. नाच्यानं मान मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं, मग परत कान दिला. मग तो शाहिराकडे गेला आणि त्याच्या कानात बोलला. शाहिरानं डफ थांबवला. त्याचा चेहरा मला आठवतो. तो एकदा भाऊंकडे बघत होता, एकदा हातातल्या नोटेकडे. नोट घेतलेली होती. परत करता येत नव्हती.

"साडीवाले शेठजी," शाहिरानं आवाज लावला, "मंडईचे मानकरी, यांच्याकडून कलेला बक्षीस! अन् शेठजींचा सवाल आहे, आलेल्या पाहुण्याले! वर सरकार तुमचं, खाली सरकार तुमचं! बाहेरून लपून आलेल्याईले काढतो म्हणून आमच्या तोंडानं तुम्ही मतं मागितली! तं किती काढले, कोणी काढले, अन् राहिलेले कधी काढता, हे गावाले सांगा!"

डफावर थाप पडली. चौक असा उसळला की विचारू नका. लोकांना घुसखोरांचं काही पडलं नव्हतं, त्यांना सवाल दिसला होता. खडी गंमतीत सवाल आला की जवाब आलाच पाहिजे, नाही तर हार. पोरं झाडावरून ओरडायला लागली, "जवाब! जवाब!" मामाजी ताठ बसले होते, समोर बघत. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी आत्यांचा हात दाबला.

भाऊंच्या मागे उभ्या असलेल्या एकानं घाईनं त्यांच्या कानाशी लागून काही विचारलं आणि पुढे येऊन मोठी नोट वर धरली. शाहिरानं पुकारलं, "भाऊंकडून कलावंतांना बक्षीस! कला जिवंत राहिली पाहिजे, हा भाऊंचा संदेश!" पण चौक ऐकेना. "जवाब! जवाब!" मामाजींनी दुसरी नोट वर धरली. आता शाहिरालाही मजा यायला लागली होती. "शेठजी म्हणतात, कला जिवंत राहो, पण सवालही मेला नाही!"

लोक हसले. भाऊही हसले, आणि उठले. त्यांना उठावंच लागलं. त्यांनी माईक घेतला, कुर्त्याची बाही सारखी केली, आणि लोक शांत व्हायची वाट पाहिली. मलाही आता खरंच हवं होतं उत्तर. किती? कोणी? कधी? माझ्यासारख्या चौकस बाईला एवढं जवळ आलेलं उत्तर म्हणजे काय, ते दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

"काकांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न विचारला," भाऊ म्हणाले. "मी या मंडईच्या साक्षीनं, छातीठोकपणे सांगतो, या देशात एकही घुसखोर राहू देणार नाही!"

आणि टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. झाडावरची पोरं, जिलेबीवाला, ताडपत्रीवरच्या बायका, सगळे. शाहिरानं "जवाब मिळाला!" म्हणून डफावर जोरात थाप मारली आणि नाच्यानं गिरकी घेतली. गाणं पुढे सुरू झालं.

"हा जवाब होय?" आत्या मला म्हणाल्या. "थे तं मागच्या बारीचंच हाय."

मी मामाजींकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे. हे सगळे तेच लोक होते ज्यांच्या ओसरीवर बसून ते पाणी प्यायले होते. मला वाटलं होतं त्यांना भाऊंचा राग आला असेल. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. काहीतरी मोजायला बसावं आणि हिशेब भलतीकडेच निघावा, तसा तो होता.

जेवायला भाऊ आले. इतकं झाल्यावर येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले, आणि दारातच मामाजींच्या पाया पडले. त्यांची माणसं ओसरीवर बसली, भाऊ आतल्या खोलीत, मामाजींसमोर. मी वाढत होते. पोळी वाढताना मला राहवलं नाही.

"भाऊ, एक विचारू काय?"

"विचारा ना वहिनी."

"हे काम नेमकं कोणाचं आहे? म्हणजे कोणी करायचं?"

भाऊंनी घास गिळला. "सीमेवरून आत येऊ न देणं दिल्लीचं. आत आलेल्याला शोधणं राज्याचं. शोधल्यावर परत पाठवणं पुन्हा दिल्लीचं. अन् समोरचा देश म्हणते, हा आमचा नाहीच."

"मंग कोणी करून राहिलं की नाही?"

"ज्याले विचारलं थो दुसऱ्याचं नाव सांगते, वहिनी."

मामाजींनी ताट जरा बाजूला सारलं. ते म्हणाले, "भाऊ, इथं माईक नाही. तुमची माणसं बाहेर आहेत. खरं सांगा. होते काय हे?"

भाऊंनी बाहेर पाहिलं, मग ताटाकडे. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी आजही त्यांना थोडा मान देते. "काका, मीही विचारलं होतं वरती. नागपूरले बैठक होती, मी उभा राहिलो. म्हटलं, कार्यकर्ते विचारतात, काय केलं थे तरी सांगा, म्हणजे आम्ही पुढं सांगू. मले म्हणे, चांगला मुद्दा आहे, बसा." ते हसले. "पुढच्या महिन्यात माया सत्कार झाला."

मामाजीही हसले. दोघेही हसले, आणि मला वाटतं त्या क्षणी ते एकमेकांना खूप जवळचे वाटले असतील. मग मामाजींचं हसणं थांबलं.

"म्हणजे तुम्हाले माहीत नाही."

"नाही काका. कोण करते, करते की नाही करत, मले नाही माहीत. मले एवढंच माहीत आहे की थे वाक्य बोललं की टाळी येते. आज तुमच्याच चौकात आली ना?" त्यांनी भात मागितला. "तुम्ही नाराज होऊ नका. यंदाही तुमच्याशिवाय इथलं जमत नाही आपलं."

मी भात वाढला. मला भाऊंचा राग यायला हवा होता, आला नाही. मला एकदम एक लांबच लांब ओळ दिसली, ज्यात प्रत्येकजण आपल्या पुढच्याला विचारतो आहे आणि प्रत्येकाच्या खांद्यावर शाल आहे. या ओळीच्या अगदी पुढे कोण उभं असेल, आणि तो कोणाला विचारत असेल, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

भाऊ गेले. दिवस कलला होता, बाजार उठायला लागला होता. आत्या परसात शिंगाडे सोलत बसल्या होत्या. मामाजी त्यांच्यासमोर जाऊन बाजेवर बसले. मी धुतलेली भांडी पालथी घालायचं निमित्त करून तिथेच थांबले.

"काय म्हनला थो?" आत्यांनी विचारलं. मान वर केली नाही.

मामाजींना तेव्हा काहीही सांगता आलं असतं. होऊन राहिलं म्हणता आलं असतं. वरून आदेश निघाला म्हणता आलं असतं, आणि आत्यांनी ते वसाहतीत जाऊन सांगितलं असतं, बायकांनी बटण दाबलं असतं, आणि मामाजींचं सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं. मी भांडं हातात धरून थांबले.

"त्याले माहीत नाही म्हणते," मामाजी म्हणाले.

"अन् तुले?"

"मलेही नाही माहीत. कधीच नव्हतं."

आत्यांनी हातातला शिंगाडा पूर्ण सोलला, सुपात टाकला. "मले वाटलंच होतं," म्हणाल्या. "दोन बारीपासून वाटून राह्यलं होतं."

इथे मला बोलायचं नव्हतं, पण माझी खोड मोठी. "मंग आत्या, मत काहून देत होत्या इतके दिवस?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड कुठे लपवू असं झालं. "मी का त्याईले देत होती, बाई? मी माया भाऊले देत होती. गाव पाण्यात गेलं. घर गेलं. सोबतच्या बाया कोणी कुठं, कोणी कुठं. रस्ता सांगनारा एक भाऊ राह्यला होता." मग त्या मामाजींकडे वळल्या. "बरं, थो नाही तं नाही. आता सांग. कोनाले देऊ?"

आत्या थांबल्या. त्या खरंच विचारत होत्या, टोमणा नव्हता. त्यांच्या या भावानं दुसरं कोणतंही नाव घेतलं असतं तर त्यांनी तेच बटण दाबलं असतं. आणि मामाजींजवळ दुसरं नाव नव्हतं. उरलेले पक्ष तर हा प्रश्न प्रश्नच मानत नव्हते. ज्यांनी मानला त्यांनी टाळ्या घेतल्या. मामाजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"तुया मनानं दे, बाई," ते शेवटी म्हणाले.

आत्यांनी सोललेले शिंगाडे ओच्यात भरले आणि उठल्या. "म्हणजे तूबी हात वर केले," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मामाजी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी आजची शाल माझ्याकडे दिली, काठ न पाहताच.